मेथीचे दोन ढीग

आई, तू गेल्यानंतरही माझा तो कारखान्यातला दोस्त दर रविवारी दुपारी यायचा. तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तेव्हा ऐरोलीचा पूल व्हायचा होता. दिघ्याच्या कारखान्यात मी आणि तो आठ वर्षं एकाच पाळीत, डबाही एकत्र खायचो. बोलणं क्रिकेटचं, ओव्हरटाइमचं. त्याचं लग्न मोडलं, हे मात्र मला तुझ्याकडून कळलं. आपल्या स्वयंपाकघरात तो तुझ्यासोबत भाजी निवडत बसायचा, तासभर बोलायचा, आणि मी डोकावलो की गप्प. "तुझा दोस्त ना तो? मग विचार की त्याला," तू म्हणायचीस. मी कसं विचारणार होतो? त्यानेही मला कधी काही विचारलं नव्हतं.

तुझ्या तेराव्यानंतरच्या रविवारी बेल वाजते. दारात तो, हातात मेथीची जुडी. "आत बसू जरा?" म्हणतो आणि सरळ स्वयंपाकघरात जातो. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतो. आतून त्याचा आवाज येतो, हळू, तुझ्याशी बोलायचा तसाच. "झोपच लागत नाही काकू. कशासाठी जगायचं तेच समजत नाही." मग थांबतो. उत्तर द्यायला तू जेवढा वेळ घ्यायचीस, तेवढाच. "हो, खरंय तुमचं," म्हणतो, आणि चक्क हसतो. मी पेपर खाली ठेवतो. उठून आत जावं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढंच तर करायचं होतं. मी उठलो नाही.

चपला घालताना तो म्हणाला, "काकू म्हणत होत्या, तू अजून रडला नाहीस."

"काय पण बोलतोस यार," मी म्हणालो.

तो गेल्यावर आत गेलो. ताटात मेथीचे दोन ढीग होते. एक त्याचा, देठांसकट ओरबाडलेला. दुसऱ्यात नुसती पानं, एकेक करून खुडलेली, तू खुडायचीस तशी. मी दोन्हींची मिळून भाजी केली आणि जेवता जेवता ताटावरच रडलो.

असे सहा-सात महिने गेले. मग त्याला उरणला कंटेनरच्या गोदामात नोकरी लागली, तिथेच त्याने दुसरं लग्न केलं, आणि येणं थांबलं. एकदा बाजारात भेटला, अंगाने भरला होता. "आता हिलाच सगळं सांगतो," बायकोकडे बघत म्हणाला. पुढे माझंही लग्न झालं. मीही माझ्या बायकोला सगळं सांगतो, एवढं सोडून.

खरं तर हे त्याला लिहायला हवं. तो जिवंत आहे, त्याचा पत्ताही माझ्याकडे आहे. पण त्याला लिहायला बसलो की 'कसा आहेस'च्या पुढे पेन सरकत नाही.