मावशीकडची मूळ कागदपत्रं

पुणे, ३ मार्च २०२५

चि. सौ. अनघास, अ. उ. आ.

विषय: चि. क्षिप्राचा इंजिनिअरिंगचा प्रवेश. संदर्भ: तुझा परवाचा फोन, ज्यात तू निम्मा वेळ रडत होतीस आणि निम्मा वेळ भजी तळत होतीस.

हसू नकोस. बत्तीस वर्षं कॉलेजात हेडक्लार्की केलेल्या बाईला विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय सख्ख्या बहिणीलाही पत्र लिहिता येत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले ती कायमची. तिथे मी प्रवेशाचं काही महत्त्वाचं लिहिलं की तुझे प्रबोधराव नुसता अंगठा दाखवतात. जहाजावरून तेवढंच जमत असेल, पण अंगठा हे उत्तर नव्हे. यापुढे आपल्यात जे काय ते लेखी.

पोरीने ए लेव्हलला, म्हणजे तुमच्याकडच्या बारावीला, नाव काढलं. मी सोसायटीत पेढे वाटले. आता पुढचं माझ्यावर सोड. ती अनिवासी भारतीयांची मुलगी आहे आणि आमच्या कॉलेजात अशा मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. बाकीची पोरं मोठ्या दारापाशी चेंगरत असतात आणि तुमच्यासाठी बाजूचं दार उघडं असतं. मग रडतेस कसली? मी मागची खोली रिकामी केली. शिवणयंत्र हलवलं, टेबल घेतलं, खिडकीला नवे पडदे शिवले. चार वर्षं पोरगी माझ्याकडे राहील, गरम जेवेल आणि तिचं मराठीही जरा माणसात येईल.

मूळ कागदपत्रं कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव. झेरॉक्सवर माझा विश्वास नाही.

लोभ आपल्यात आहेच, तो मागायची गरज नाही. उत्तर मात्र लेखी असावे.

तुझी,
विनीताताई


बिशान, सिंगापूर, २० मार्च २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पडद्यांचं वाचलं आणि काय लिहावं ते सुचेना, म्हणून तीन दिवस उशीर झाला.

ताई, प्रवेश मिळत नाही म्हणून मी रडत नव्हते. क्षिप्राला तुर्कस्तानात जायचंय. इस्तंबूलला, भूकंपात न पडणाऱ्या इमारती कशा बांधायच्या ते शिकायला. सिंगापुरात जन्मात कधी कपबशी हलली नाही आणि हिला भूकंप हवाय!

आता यात माझाच दोष आहे असं तू म्हणशील, तर आधीच कबूल करते. मी तोआ पायोहच्या ऑफिसात आणि प्रबोध समुद्रावर, त्यामुळे शाळा सुटली की क्षिप्रा खालच्या मजल्यावर नेरमिनकडे जायची. नेरमिन इस्तंबूलची सून आणि दक्षिण तुर्कस्तानातल्या अंताक्याची लेक. तिचा एमरे क्षिप्राच्याच वर्गातला, तो शनिवार-रविवार आमच्याकडे पडीक. बारा वर्षांनी परिणाम असा, की आमची मुलगी तुर्कीत भांडते आणि त्यांचा मुलगा थालीपिठावर लोणी कमी पडलं तर तोंड वेंगाडतो.

आणि गंमत बघ. परदेशात वाढलेल्या तुर्की मुलांसाठी तिकडे प्रवेशाची वेगळी सोय आहे म्हणे, अगदी आपल्या अनिवासींसारखी. ती एमरेला लागू. त्याला तुर्कीत धड पाणी मागता येत नाही आणि जायचंही नाही. त्याला इथेच हॉटेलचं काम शिकायचंय. आईला सांगायची हिंमत नाही, म्हणून रोज संध्याकाळी क्षिप्राकडून तुर्कीची शिकवणी घेतो आणि जांभया देतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय.

कागदपत्रं प्रबोधच्या मित्राची बायको ईशा हिच्याबरोबर पाठवतेय. इस्तंबूलचं काही नक्की नाही, मग हातचं का सोडा. क्षिप्राला एवढंच सांगितलंय की मावशी कागद तपासून ठेवणार आहे. कॉलेजात भरण्याआधी मला विचार हं.

प्रबोधचा जहाजावरून नमस्कार. या वेळी अंगठा नाही, दोन्ही हात जोडलेत. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
अनघा


पुणे, ६ एप्रिल २०२५

चि. क्षिप्रास, अ. उ. आ.

विषय: तुझं डोकं. संदर्भ: आईचं पत्र.

तू असं धाडस करणार म्हटल्यावर मी गप्प बसेन होय? शेजारच्या आर्याला संगणकापुढे बसवलं आणि तुर्की प्रवेशाचे नियम तिच्याकडून मराठीत वाचून घेतले. नियम करावेत तर त्या लोकांनी! मला फार आवडले. त्यांच्या देशातल्या पोरांची परीक्षा वेगळी. परदेशात वाढलेल्या त्यांच्या पोरांची वाट वेगळी. कझाक, उझबेक, अझरबैजानी म्हणजे तुर्कीच्या चुलत-मावस भाषा बोलणारे, त्यांचीही विचारपूस वेगळी. आणि उरलेलं सगळं जग एका रांगेत. तू त्या रांगेत, बाळ. नायजेरियापासून इंडोनेशियापर्यंत सगळे तुझ्या पुढे-मागे उभे.

मी तुझ्यासाठी दुसऱ्या वाटेत फट शोधली, खोटं कशाला सांगू? नेरमिनबाईंच्या घरी बारा वर्षं जेवलीस म्हणजे अर्धी तुर्की झालीस, असं कुठे बसतंय का पाहिलं. जेवणावर प्रवेश नाही. रक्त लागतं किंवा पासपोर्ट लागतो.

म्हणून अनुभवाचं सांगते. जिथे आपल्यासाठी दार उघडं असतं तिथून आत जावं, भिंतीवर डोकं आपटू नये. आणि भूकंपच शिकायचा तर आपल्या कोयनेला काय कमी हलतं? इथे शीक आणि रविवारी जाऊन बघून ये. एसटी थेट जाते.

तुझ्या खोलीला पंखा बसवला. उत्तर स्वतः लिही. आईकडून लिहवून घेतलंस तर अक्षरावरून ओळखेन.

मावशीवर रुसवा नसावा, असल्यास पत्रातून कळवावा.

तुझी,
मावशी


बिशान, २ मे २०२५

ती. मावशी, नमस्कार.

मी स्वतः लिहितेय, आईने फक्त चहा दिला. माझं मराठी घरातलं आहे, त्यामुळे पत्रात चप्पल घालून आल्यासारखं वाटेल. सॉरी लाह, हे ‘लाह’ आमचं सिंगापुरी.

तुझं पत्र मी एमरेला वाचून दाखवलं. जेवणावर प्रवेश नाही, हे ऐकून तो इतका हसला की खुर्चीवरून पडला. म्हणाला, असता तर तो पुण्याला आला असता. नेरमिन आंटीने तुला सलाम सांगितलाय. तुर्कीत मावशीला वेगळा शब्द आहे आणि आत्याला वेगळा, तुला माहितीये? इंग्लिशसारखं सगळ्यांना आंटी नाही. मला तेव्हाच वाटलं की हे आपल्यासारखे लोक आहेत.

पण मावशी, सीरियस सांगते. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत तिकडे भूकंप झाला, तेव्हा मी आंटीच्या घरी होते. तिचा भाऊ अंताक्याला. आंटीकडून नंबर सारखा चुकत होता. मी लावत होते. हॉस्पिटल, शाळा, शेजारी, कुणीही. त्या वेळी माझं तुर्की पहिल्यांदा कामाला आलं. भाऊ सापडला, जिवंत. बायको नाही सापडली. नंतर त्याने फोटो पाठवला. एकाच गल्लीत त्यांची बिल्डिंग खाली आणि बाजूची उभी. उभ्या बिल्डिंगच्या खिडकीत कपडे पण वाळत होते. दोन्ही एकाच वर्षी बांधलेल्या.

ते कसं, हे मला शिकायचंय. कोयनेला पण येईन, प्रॉमिस. पण मला आंटीच्या भावाच्या गल्लीत काम करायचंय आणि त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचंय.

मी ए लेव्हलच्या मार्कांवर अर्ज केलाय, मोठ्या रांगेतून. यादी ऑगस्टमध्ये. नाही आलं नाव तर मी पुण्याला येईन आणि अजिबात तोंड पाडणार नाही. आलं तर तू मला जा म्हणशील ना?

खूप प्रेम, आणि पंख्यासाठी थँक यू.

तुझी,
क्षिप्रा


पुणे, ३० जून २०२५

चि. सौ. अनघास, अ. उ. आ.

विषय: अभिनंदन.

क्षिप्राचा प्रवेश झाला! आज दुपारी मूळ कागदपत्रं भरून पावती घेतली. माझ्या जागेवर आता बाबाजी शेलार आहे. मीच तयार केलेला माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग गंभीर चेहरा करून सांगितलं, की मॅडम, एकदा कागद जमा झाले की प्रवेश रद्द केल्याशिवाय परत मिळत नाहीत. मी म्हटलं, अरे, हा नियम मी लोकांना सांगायचे तेव्हा तू टायपिंगच्या परीक्षेला बसत होतास.

तुला विचारायचं ठरलं होतं, ठाऊक आहे. पण आजची मुदत होती आणि आपलं टपाल बारा दिवस घेतं. फोन करता आला असता, असं तू म्हणशील. आला असता. तू नाही म्हणालीस तर काय करू, या भीतीने केला नाही. झालं ते झालं.

पोरीचं पत्र मी चारदा वाचलं. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

तिच्यासाठी गादी पिंजून घेतली. रागावली असलीस तरी ख्यालीखुशाली कळवीत जा.

तुझी,
विनीताताई


बिशान, १० ऑगस्ट २०२५

ताई, सा. न. वि. वि.

हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय, टपालाची वाट पाहायला वेळ नाही.

क्षिप्राचं नाव यादीत आलं. उरलेल्या सगळ्या जगाच्या रांगेतून! काल इथे नॅशनल डे होता. डोक्यावरून विमानं कवायत करत होती आणि ही पोरगी गॅलरीत उभी राहून तुर्कीत ओरडत होती. लोकांना वाटलं, किती देशभक्त आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला तिकडे हजर राहून मूळ कागद दाखवायचेत. नाही दाखवले तर जागा गेली. तिने मावशीकडचं पाकीट मागवून घे म्हटलं आणि मला सांगावं लागलं. तू कागद कॉलेजात जमा केलेस हे महिनाभर लपवलं, मीही तुझ्याइतकीच दोषी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, की मावशीला मी विचारलं होतं. मग खाली नेरमिनकडे निघून गेली. तेव्हापासून आमच्याकडे जेवलेली नाही.

एमरेचंही नाव त्यांच्या यादीत लागलंय, त्यामुळे तो आईला चुकवून आमच्या स्वयंपाकघरात बसलाय. म्हणजे माझी मुलगी तिच्या घरी, तिचा मुलगा माझ्या घरी, आणि आम्ही दोघी आया जिन्यात बसून चहा पितोय. नेरमिन म्हणाली, एकीला दार बंद म्हणून रडायचं आणि एकाला उघडं म्हणून.

ताई, मी तुला काही सांगत नाही. तुझ्या खोलीचं मला कळतं. पण पोर माझी आहे.

तुझी माया अजून असेल अशा समजुतीने,
अनघा


पुणे, १३ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रास, अ. उ. आ.

विषय: काही नाही. संदर्भ: मी.

हाही फोटोच आहे. मूळ प्रत टपालाने येईल, ती आल्यावर हा रद्द समजावा.

काल सकाळी कॉलेजात गेले. बाबाजीला म्हटलं, प्रवेश रद्द कर आणि कागद दे. त्याने मला खुर्ची दिली नाही. बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, कारण रद्द करायला आलेल्यांना आम्ही तिथेच बसवतो. साहेब जेवायला गेलेत म्हणाला. सकाळचे साडेदहा झाले होते. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, पोरगा चांगला तयार झालाय याचा अभिमानच वाटला.

मग अर्ज आला. रद्द करण्याचं कारण काय? अन्यत्र प्रवेश, असं मी लिहिलं. तर त्याला त्या प्रवेशाचं पत्र हवं. आईने मोबाइलवर पाठवलेलं तुझं प्रवेशाचं पत्र दाखवलं. ते तुर्कीत. याचं अधिकृत भाषांतर आणा म्हणाला. मी बरीच आरडाओरड केली. तो शांतपणे म्हणाला, की मॅडम, तुम्हीच शिकवलंय, आरडाओरडा हा पुरावा धरू नये.

बाकावर बसून होते तेवढ्या वेळात तुझं मे महिन्यातलं पत्र पिशवीतून काढून वाचलं. त्यात तू विचारलं होतंस, जा म्हणशील ना. उत्तर दिलं नाही कारण जा म्हणायचं नव्हतं. मला तू इथे हवी होतीस. तुझ्या मराठीसाठी नाही आणि गरम जेवणासाठीही नाही. नोकरी संपल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरताना मला फार एकटं वाटतं, म्हणून. आणि एमरेला माझा निरोप दे. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरलंच पाहिजे असं नाही. हे त्याच्या आईला मी येऊन समजावीन.

शेवटी अर्जावर उरलं ते नेहमीचं कारण, घरगुती अडचण. आजवर शेकडो पालकांनी तेच लिहिलं आणि मी तपशील विचारून त्यांना घाम फोडला. बाबाजीनेही तपशील विचारला. मी लिहून दिलं, की मुलीच्या मावशीला ती जवळ हवी होती म्हणून मावशीने कुणाला न विचारता प्रवेश घेतला. मुलीला दुसरीकडे जायचं आहे आणि ती बरोबर आहे. बाबाजीने दोनदा वाचलं. मॅडम, इतकं खरं इथे कुणी लिहीत नाही, यावर शेरा काय मारू, असं विचारू लागला. मी म्हटलं, मंजूर. त्याने लिहिलं, शिक्का मारला, आणि या उद्या असं न म्हणता त्याच पावली कपाट उघडलं.

कागद माझ्या हातात आहेत. कुरियरने मूळ कागद पाठवत नसतात. माझा पासपोर्ट तुझ्या जन्माच्या वेळी काढला होता, मग एकदा नवा करून घेतला, पण त्यावर अजून एकही शिक्का नाही. व्हिसाचा अर्ज आजच केलाय. तो आला की मिळेल त्या विमानाने मी स्वतः घेऊन येते.

जा, पोरी.

विमानतळावर मात्र तू ये. रागावलेली असलीस तरी ये, बोलली नाहीस तरी चालेल. मला ती तुमची एमआरटी का काय ती मेट्रो एकटीने जमणार नाही. लोभ मागायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. तुला जमेल तेव्हा, जमेल तेवढा, असावा.

तुझी,
मावशी