ह्यांच्या दाढीचा फेस

मी, खाली सही करणारी, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची बायको, डोके ठिकाणावर ठेवून, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. मी ह्यांच्या आधी जाणार. असे आमचे ठरले नव्हते.

कलम १. राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते थोरल्या मुलाला मिळावे. मात्र हे असेपर्यंत त्यांची खोली, खिडकीजवळची खुर्ची आणि आरसा जागचा हलवू नये. दागिने व बँकेतली ठेव मुलीला. बाई गं, वाटा कमी वाटला तर खुशाल भांड, मी ऐकायला नसेन.

कलम २. धाकट्या दीरांनी आणलेली दाढीची मशीन त्यांना परत करावी. ती घरघरली तशी हे पलंगाखाली जाऊन बसले, आणि भावजी मला म्हणाले, "वहिनी, आता ह्याला कुठेतरी ठेवा. तुम्ही तरी सुटाल." मशीन दारातच द्यावी. या, बसा म्हणू नये.

कलम ३. दाढीचा ब्रश, वाटी, साबणाची वडी व रेझर थोरल्याला. त्यासोबत काम येते, म्हणून सविस्तर लिहिते. ब्रश कोमट पाण्यात भिजू द्यावा, मग चांगला झटकून घ्यावा. वडीवर हलक्या हाताने गोल फिरवावा, दाबू नये. ब्रशच्या केसांवर दाट लेप धरला की वाटीत घोटायला घ्यावे आणि बोटाने एकेक थेंब पाणी घालत जावे. घाईने पाणी ओतले तर नुसते बुडबुडे येतात, फेस वाटीभर दिसतो आणि गालावर जाईपर्यंत बसतो.

मी पहिल्या दिवशी हेच केले. वडी कपड्याच्या साबणासारखी रगडली. हे आरशात बघून म्हणाले, "बाई, दुकानात नवीन आहात का?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी त्यांची कोणी उरले नाही, हे मला तेव्हा कळले. "हो, नवीन आहे," मी म्हणाले. मोरीत जाऊन नळ सोडला, पोटभर रडले, आणि परत येऊन दुसरा फेस केला.

फेसाला चकाकी आली आणि ब्रश उचलल्यावर टोक वाकून तसेच राहिले, की झाला. गालांवर लावताना शेवटचे हात लांब आणि सपाट मारावेत, हे अक्षरांत रंग भरत तसे. मग ते आपण होऊन हनुवटी वर करतात. दिवसभरात तेवढा वेळच ते मला घाबरत नाहीत.

कलम ४. थोरल्या, तू फ्लेक्स छापायचे दुकान काढलेस, ह्यांचे बोर्ड रंगवायचे काम बसले, आणि तुम्ही बापलेकांनी बोलणे टाकले. परवा तू म्हणालास, "आई, मी त्यांच्या तोंडाला हात लावणार नाही. मला मुलगा मानला का त्यांनी कधी?" अरे, ह्यांना ते भांडण आठवत नाही. तूही आठवत नाहीस. ज्यांच्यावर रुसलास ते आता तिथे नाहीतच रे. वकील म्हणाले, घर देताना ही अट घालता येईल. मी नको म्हटले. मनाविरुद्ध धरलेला रेझर मला ह्यांच्या गळ्याशी नको. हा कागद तुला आजच वाचायला देणार आहे. जमणार नसेल तर तोंडावर सांग, म्हणजे मी आहे तोवर दुसरे कोणी बघते. कोणी मिळेल असे वाटत नाही.

कलम ५. मी गेल्याचे ह्यांना सांगू नये. त्या दिवशीही दाढी करावी. फेस लागला की ते गप्पा मारतात. मला विचारतात, "घरी कोण असतं तुमच्या?"

"नवरा."

"नीट वागवतो ना?"

"फार."

मग म्हणतात, "जरा आटपा बाई. बायको बाहेर गेलीय, येईल एवढ्यात. तिला दाढी वाढलेली चालत नाही."

करणाऱ्यालाही हेच म्हणतील. त्याने "येतीलच" म्हणावे आणि फेस सुकू देऊ नये.

सही : पेंटरीणबाई (गल्लीत ह्याच नावाने ओळखतात)

समक्ष सही केलेले साक्षीदार :
१. शेजारची शिवणकामवाली
२. कोपऱ्यावरचे औषधवाले

ठिकाण : राहते घर, ह्यांच्या खुर्चीशेजारी
तारीख : रिपोर्ट आला त्याच्या चौथ्या दिवशी, दाढी झाल्यावर