‘चप्पल घाल, चल’ आणि आमची नवी गाणी

३ जानेवारी
ठरलं. यंदापासून ‘चप्पल घाल, चल’ बंद. तेहतीस वर्षं झाली. आमच्या ‘भूकंप’ बँडची इतरही ढीगभर गाणी आहेत, पण रस्त्यात कुणालाही थांबवून विचारा, दुसरं एक सांगता येणार नाही. आणि हे गाणं तरी काय! बायको आवरायला वेळ लावत होती, म्हणून दारात उभ्या उभ्या रचलेलं. उभ्या उभ्या रचलेल्या गाण्यावर कलावंतानं जन्म काढायचा?
नवा अल्बम: ‘पोकळीचे पडसाद’. नऊ भाग. चार वर्षांची मेहनत.
बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, बरं, आता पाय उचला, फरशी पुसायची आहे.

५ जानेवारी
बँडची मीटिंग. डॉक्टरच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर. डॉक्टर म्हणजे आमचा बेस गिटारवाला. एरवी दात काढतो. कीबोर्डवाला गप्प्या नेहमीप्रमाणे पेशंटच्या खुर्चीत आडवा. ड्रमवर माझा मेहुणा.
सभागृहाच्या मॅनेजरबाईंनी तीन शनिवार दिलेत. जमलं तर वर्षभर दर शनिवारी आम्हीच. मी म्हटलं, तिन्ही शनिवार फक्त पडसाद. मेहुणा म्हणाला, भावोजी, लोक तिकीट काढतात ते चप्पल वर करायला. (खरं आहे. धृपदाला अख्खं सभागृह एका पायातली चप्पल काढून हवेत धरतं. कुठल्या गाढवानं सुरू केलं कोण जाणे. पहिल्यांदा मी स्टेजवरून पळालो होतो.)
मतदान. तीन विरुद्ध एक. मोठ्या मनानं तडजोड केली: आधी पडसाद, शेवटी चप्पल.

९ जानेवारी
सभागृह पाहून आलो. कँटीनवाल्याची ओळख झाली. काय रसिक माणूस! नवी गाणी नेमकी कधी सुरू होणार, किती वेळ चालणार, बारकाईनं विचारून घेतलं. पाऊण तास म्हटल्यावर माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, साहेब, हल्ली इतकी लांब गाणी करतं कोण? प्रत्येक गाण्याआधी थोडं बोलाही, अशी गळ घातली.
संकल्प: प्रत्येक भागाआधी बोलणे.

१७ जानेवारी, शनिवार
घरी आलो, अंगात अजून संगीत आहे.
हाउसफुल्ल! ‘भाग एक’ सुरू झाला आणि लोक उठायला लागले. बसवेना त्यांना. पुढे डोळ्यांवर लाइट असल्यानं दिसलं नाही, पण ‘भाग चार’पर्यंत अशी शांतता पसरली की काय सांगू. इतकी शांतता मला आजवर कधी मिळाली नव्हती.
शेवटी चप्पल. कुठून कोण जाणे, लोंढाच आला. एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हातात चप्पल. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी गडबडीत कप पायात घालायचा प्रयत्न केला.

१८ जानेवारी
मेहुण्याचं म्हणणं, पडसादला सभागृह रिकामं होतं. मूठभर लोक उरले होते, त्यातले निम्मे झोपलेले. ड्रमवाल्याला समोरचं दिसत नाही, झांजा मध्ये येतात. सोडून दिलं.
उलट कँटीनवाल्याचा स्वतःहून फोन. अशी संध्याकाळ कित्येक वर्षांत पाहिली नाही म्हणाला. घरी सँडविचचा खोका पाठवला. शेवटी रत्नाची पारख रत्नपारख्यालाच.
तरी एक चूक सापडली. चप्पल शेवटी असल्यामुळे लोकांचा जीव तिच्यात अडकतो. ती पहिल्यांदाच उरकून टाकली, की मन मोकळं. मग निवांत पडसाद ऐकतील. इतकी साधी गोष्ट जगातल्या एकाही बँडला कशी सुचली नाही?

२४ जानेवारी, शनिवार
चप्पल पहिली. जोरदार. मग पडसाद.
‘भाग पाच: शांतता’ यात आम्ही कुणीच काही वाजवत नाही. डॉक्टर म्हणतो, त्या वेळी बाहेर गाड्या रिव्हर्स घेतल्याचं स्वच्छ ऐकू येत होतं. मलाही आलं. सुरात होतं. रेकॉर्डिंगमध्ये ठेवावं का, विचार चालू आहे.
कँटीनवाला मागच्या दारात एकटा उभा. चेहरा उतरलेला. म्हणाला, साहेब, एक माणूस उरला नाही हो! कलेबद्दल ही तळमळ. शेवटी मीच त्याची समजूत घातली.
मॅनेजरबाईंना मात्र तळमळ नाही. पुढचा शनिवार शेवटची संधी. पुन्हा असं झालं तर वर्षाचे शनिवार एका संमोहनवाल्याला देणार. मेहुणा म्हणाला, तोही लोकांना झोपवतोच, पण परत उठवतो.

२५ जानेवारी
मेहुण्याचा दम: शनिवारी विचका झाला तर ड्रम विकणार. त्याच्या बायकोला ड्रमच्या खोलीत कपडे वाळत घालायचे आहेत. डॉक्टर माझ्याकडे बघेना. आणि गप्प्या बोलला! नुसतं ‘पुरे’ म्हणाला. प्रॅक्टिस पुरेशी झाली, असं त्याचं म्हणणं असावं.
जरा बेचैन वाटतंय. खरं सांगायचं तर फार काही नको मला. चार वर्षं स्वयंपाकघरात खिडकी लावून ही गाणी केली. एकानं, फक्त एकानं येऊन म्हणावं, ते नवं गाणं म्हणा ना. तेवढंच.

२८ जानेवारी
सापडलं! आंघोळ करताना. चप्पल मधोमध तोडायची. सुरुवातीला गाणं धृपदापर्यंत आणायचं, ‘चप्पल घाल’ म्हणून थांबायचं. मग सगळे पडसाद. आणि ‘चल’ एकदम शेवटी. अर्धी शिंक आलेला माणूस जागचा हलत नाही.
बँडला फक्त ‘छोटा पॉज आहे’ एवढंच सांगितलं.

३१ जानेवारी, शनिवार
‘चप्पल घाल’ म्हणून थांबलो. चपला वर गेल्या त्या वरच राहिल्या. कुणी हललं नाही! मी ‘भाग एक’ सुरू केला. लोक एका अनवाणी पायावर ताटकळत. पुढच्या एका बाईंनी हात बदलला. बायकोही पहिल्या रांगेत हात वर करून. हातात माझी चप्पल.
‘भाग दोन’च्या मध्यावर मागून कुणीतरी ‘चल’ म्हटलं.
झालं. अख्खं सभागृह सुटलं. माझ्या सख्ख्या बायकोच्या सख्ख्या भावानं ठेका धरला. मग डॉक्टर. मग गप्प्या, तोही गात. लोकांनी सगळं गाणं म्हटलं. तिसरं कडवंसुद्धा, जे मी कित्येक वर्षं आठवत नाही म्हणून गाळतो. मी गिटार गळ्यात घेऊन मधोमध उभा. माझं काहीच काम नव्हतं. शेवटही त्यांनी नीट केला, मग एकमेकांना वन्स मोअर दिला. मीही टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार काय?
डोळ्यांतून पाणी आलं. लाइट फार प्रखर ठेवतात.

१ फेब्रुवारी
वर्षाचे शनिवार मिळाले! मॅनेजरबाईंच्या अटी: सगळी जुनी गाणी, चप्पल अखंड आणि शेवटी. नवं फक्त एक, मधोमध, सभागृहाचे दिवे लावून. त्या एकासाठी कँटीनवाला भांडला म्हणे. मित्र असावा तर असा.
आणि दिवे लावून! म्हणजे प्रथमच श्रोत्यांचे चेहरे दिसणार.

७ फेब्रुवारी, शनिवार
‘भाग तीन’ गायलो. दिवे लावले होते.
खुर्च्या निळ्या आहेत. बऱ्याच खुर्च्यांवर पिशव्या होत्या, काहींवर स्वेटर.
मेहुण्यानं माझी गिटार स्वतःच उचलून गाडीत ठेवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
औषधाच्या दुकानात रांगेत होतो. एक बाई थांबल्या, सोबत म्हातारी आई. म्हणाल्या, तुम्ही भूकंपवाले ना? मी सवयीनं ‘चप्पल’बद्दल आभार मानायला लागलो. तर म्हणाल्या, ते नाही हो, मधलं ते नवीन. येत्या शनिवारीही म्हणाल ना?
मला तिथल्या वजनकाट्यावर बसावंसं वाटलं. पुन्हा विचारलं, नवीन? हो, नवीनच. त्यातलं काय भावलं, असं विचारलं. शब्द की चाल?
त्या म्हणाल्या, तसं नाही, बायकांच्या बाथरूमला रांग फार असते, आणि आई सावकाश चालते. मागच्या शनिवारी तुम्ही लवकर संपवलंत, आमची चप्पल निम्मी हुकली. थोडं लांबवाल का?
मी औषधाच्या चिठ्ठीची आणखी एक घडी घातली. मग लांबवतो म्हणालो. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला.
बायकोला सांगितलं नाही. संध्याकाळी ‘भाग तीन’मध्ये दोन कडवी वाढवली. चाल संथच ठेवलीय. आजींना गुडघ्यांचा त्रास आहे.