ऐकू येतंय, ऐकू येतंय

मोलमीन,
थडिंज्युट महिना, शुद्ध नवमी, सकाळ

माझ्या गुणी यूझानाला,

तुझ्या बापाचे, फेफेचे, पुष्कळ आशीर्वाद. तुझी प्रकृती चांगली असेल, रंगूनचा पाऊस ओसरला असेल, जावईबापूंचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या लहानपणापासूनच कुरकुरतात.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमन गेला तरी मी फाटकातच उभा होतो. समोरच्या दॉ ट्वे ओरडल्या, "गुरुजी, पत्र उघडायचं असतं, नुसतं हुंगायचं नसतं!" त्या अजून तशाच आहेत. तू येणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण संध्याकाळी त्या पपनस घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोरीला आवडतं ना? आणि या वेळी तोंड उघडून बोला तिच्याशी. डोळे मिटून बसू नका खांबासारखे."

आपल्या पपनसालाही यंदा अकरा फळं धरली आहेत. तुझ्या आईने लावलं तेव्हा मी म्हटलं होतं, या झाडाला काही होणार नाही. झाडाने मला खोटं पाडायला नऊ वर्षं घेतली.

काल जुनी क्रमिक पुस्तकं उन्हात घातली. दुसरीच्या पुस्तकात नावाड्याची कविता निघाली. तुला आठवते? तू सहा वर्षांची असताना बाकावर उभी राहून म्हणायचीस:

हळू वल्हव रे नावाड्या, हळू,
पाण्यात चंद्र झोपला आहे.

शेवटच्या कडव्यात नावाडी परतत नाही आणि त्याची बायको काठावर दिवा धरून उभी असते. ते कडवं तू कधीच म्हटलं नाहीस. "तो येतो, फेफे," असं ठासून सांगून खाली बसायचीस. वर्ग हसायचा. मी मात्र ते कडवं शिकवताना दरवर्षी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत असे. एकतीस वर्षं. पुस्तकातल्या बाईसाठी.

हे मी का सांगतो आहे, ते पुढे येईल. येईलच. धीर धर.

तू लिहिलंस, "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. बापाला असं बोलून तीन वर्षं दूर राहिले, हे पाप मला झोपू देत नाही. पौर्णिमेला येऊन तुमच्या पाया पडते. क्षमा करा." आपल्याकडे हीच रीत. थडिंज्युटच्या पौर्णिमेला वर्षावास संपला की धाकट्यांनी थोरांपुढे वाकायचं, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं, आणि थोरांनी आशीर्वाद द्यायचा.

यूझाना, तुझा नमस्कार मला घेता येणार नाही. लगेच रागावू नकोस. सगळं वाच.

मी कसा होतो ते तुला माहीत आहे. माझी छत्री फाटकाला लागल्याचा आवाज आला की तुम्ही दोघी हसणं थांबवायचात. सकाळी कविता म्हणत उठणारा माणूस भात जरा करपला की ताट सरकवायचा. माझ्या मनाचा ऋतू दर तासाला बदलायचा आणि भिजायचात तुम्ही. शेवटी तुझ्या आईनेच मला टेकडीवरच्या ध्यानकेंद्रात धाडलं. "को ओन, एक तर तुम्ही तिकडे जा, नाहीतर मी माहेरी जाते," म्हणाली. तिथे शिकवलं ते साधं होतं. राग आला की 'राग आलाय, राग आलाय' अशी मनात नोंद घ्यायची. दुखलं तर 'दुखतंय'. आवाज आला तर 'ऐकू येतंय'. मास्तराला ते लगेच जमलं, हजेरी घेण्यासारखं. राग? हजर. मत्सर? हजर. कंटाळा? हजर. आणि खरंच, नाव पुकारलं की राग जरा नरमायचा. वर्षभरात भात करपला तरी मी हसायला लागलो. तुझी आई शेजारणींना सांगत सुटली, "आमच्या घरात आता अरहंत राहतात. फक्त चहाला साखर जास्त मागतात."

त्या स्तुतीची मला चटक लागली. शांतपणाची हाव सुटली म्हण. तासभर मांडी न मोडण्याचा निश्चय करून बसायचं आणि उठल्यावर मनात स्वतःची पाठ थोपटायची.

मग तुझी आई गेली. सातव्या दिवशी भिक्षूंचं भोजन झालं आणि तू खांबाला टेकून हुंदके द्यायला लागलीस. मी पाहुण्यांसमोर तुला म्हटलं, "रडतेय, रडतेय, अशी नोंद घे, पोरी." तू हातातला चहाचा पेला धुतलास, पालथा घातलास आणि म्हणालीस, "मेमे गेली तरी चालेल, तुमची मांडी मोडायला नको!" आणि दुपारच्या होडीने पलीकडे मोत्तमाला, तिथून रंगूनला निघून गेलीस.

याच वाक्याची क्षमा मागायला तू येते आहेस.

यंदाच्या वर्षावासात मी टेकडीमागच्या भिक्षुणींच्या मठात जाऊ लागलो. तिथल्या थोरल्या सयाले माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, विडा खातात आणि हसताना पोट धरतात. मी त्यांना अभिमानाने सांगितलं, "तीन वर्षं झाली, माझ्या मनात काही उठतच नाही. सगळं शांत."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही वर्गाजवळ आलात आणि पन्नास पोरं एकदम चिडीचूप असली, तर तुम्ही काय समजायचात?"

मी हसून म्हटलं, "कुणीतरी मोठी खोडी करून ठेवली आहे."

"मग?" असं म्हणून त्या पानाला चुना लावत बसल्या.

त्या 'मग?'ने माझी झोप नेली, भूक नेली. पुन्हा सुरुवातीपासून बसलो, पण आता गप्प करायला नाही, नुसतं बघायला. आणि काय सांगू, पोरी, या म्हाताऱ्या छातीत किती गर्दी निघाली! पहाटे मंदिराची घंटा ऐकली की उगाच आनंद. दॉ ट्वेंकडे कांदा तळल्याचा वास आला की गळ्यात आवंढा, कारण तुझ्या आईचा कांदा असाच जरा जास्त तांबूस व्हायचा. दहा वाजता तो आवंढा नाहीसा. दुपारी जेवणानंतर मात्र भीती. रोज, तीनच्या सुमाराला. आधी मी तिच्यापासून पळून बाजारात जायचो. मग एक दिवस बसून राहिलो. ती पोटातून वर आली, घशात थांबली, आणि चार वाजायच्या आत ओसरली. दुसऱ्या दिवशी परत आली, परत गेली. ती येते आणि जाते एवढं दिसल्यावर तिच्यासमोर बसायचं बळ आलं. मग ती कशाची आहे तेही दिसलं. एका दुपारी मी तुझ्या आईच्या सहाणेसमोर, जिच्यावर ती तोंडाला लावायचा थनाखा उगाळायची, लहान पोरासारखा रडलो. नोंद घ्यायचं सुचलंच नाही.

इथे मी लेखणी खाली ठेवली होती. आत्ताही तीन वाजले आहेत. भीती आली आहे. अक्षर वाकडं येतंय. पाणी पिऊन आलो. थोडी ओसरली आहे. लिहितो.

तुझी आई गेली त्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, तू दवाखान्यातून औषध आणायला गेली होतीस. तुझी आई आतल्या खोलीत पडली होती, मी बाहेर ध्यानाला बसलो होतो. तासाचा निश्चय होता, वीसेक मिनिटं उरली असतील. तिने हाक मारली, "को ओन."

मी मनात म्हटलं, ऐकू येतंय, ऐकू येतंय.

थोड्या वेळाने पुन्हा. बारीक आवाजात. "को ओन."

ऐकू येतंय, ऐकू येतंय.

मग हाक आली नाही. मी नोंद घेतली, शांत आहे, शांत आहे. तास पुरा करून उठलो. तिचा हात अजून गार झाला नव्हता.

तू आलीस आणि विचारलंस, "मेमेने हाक मारली होती का?" मी म्हटलं, "नाही. झोपेतच गेली." तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला शंका आली होती, आणि ती शंका तीन वर्षं तू स्वतःचं पाप म्हणून वागवलीस.

उठलो असतो तर ती वाचली असती का, ते डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. पण माझा हात तिच्या हातात असता.

विशीत मी तीन महिने चीवर घेतलं होतं. थडिंज्युटच्या पौर्णिमेला सगळे भिक्षू एकत्र जमले तेव्हा मठाचे प्रमुख, ऐंशी वर्षांचे सयाडो, सगळ्यांच्या आधी उकिडवे बसले, हात जोडले आणि आम्हा काल आलेल्या पोरांसकट सगळ्यांना म्हणाले, "माझं काही वावगं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंका आली असेल, तर दया करून सांगा." लोकांच्या घरात धाकटे वाकतात. भिक्षूंच्या घरात थोरला आधी वाकतो. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकतो, म्हणजे तू होडीत पाय ठेवण्याआधी तुला मिळेल. वाचून आलीस तर ओसरीवर उकिडवा मी बसेन, तू उभी राहा. जे पाहिलंस, जे ऐकलंस, ज्याची शंका आली, ते सगळं बोल. रागावलीस तर राग बघेन, रडलीस तर तुझ्याजवळ येईन. नाही आलीस तर तेही मला सोसायला हवं. काही तासांपुरतं सोसेन, मग पुढच्या काही तासांपुरतं. आता एवढं येतं मला.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

दोन्ही हाका ज्याने ऐकल्या होत्या, तो,
तुझा फेफे