काठीवर न चढणारा घेवडा

ता. ११ जून

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, पिटुकलीला माझ्याकडून एक पापी दे. इकडे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, आणि अधूनमधून माझा गुडघा.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, फोनवर तू भांडी घासत असतेस, फोन ओट्यावर स्पीकरवर टाकलेला असतो, मध्येच पिटुकली भोकाड पसरते आणि तू म्हणतेस, "आई, पटकन सांग." पटकन सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. पत्रात मला कोणी घाई करत नाही.

बागेचं विचारलं होतंस. यंदाच्या हंगामाचं काही खरं नाही बघ. सूर्य तोंड दाखवायला तयार नाही. माती हाताला बर्फासारखी लागते आणि चपलेला चिकटून घरात येते. मुळा किडला. भोपळ्याची फुलं फळ धरायच्या आधीच गळली. पालक तर गोगलगायींनी असा साफ केला की आता त्या तृप्त होऊन भिंतीवर झोपल्या आहेत. मागच्या गल्लीतल्या पोस्टमनने तर बागेपुढे हात टेकले, तो आता स्वतःच्या वाफ्यावर सायकल उभी करतो.

घेवड्याचं मात्र ऐक. तू नव्या घराच्या अंगणात लावायला बाबांच्या घेवड्याचं बी मागितलंस ना, तेव्हा मी बरणी काढून बघितली. तळाला कसंबसं मूठभर उरलेलं. गेल्या वर्षी शेंगाच धड आल्या नव्हत्या. त्यातलं अर्धं तुला आणि अर्धं मला असं करून दोघींचंही भागलं नसतं, म्हणून सगळंच पेरून टाकलं, म्हटलं वाढवू आणि मग ठमीला पिशवीभर देऊ. बाबा होते तोवर पेरायचं काम त्यांचं, माझं फक्त तोडायचं आणि निवडायचं. तरी जमेल असं वाटलं.

काही म्हणजे काही उगवेना. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी वाफ्यापाशी जाऊन उभी राहायची. चहा गार व्हायचा, माती तशीच. तेवढ्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तिच्याकडे जाऊन राहिले. परत आले, फाटक उघडलं आणि बघते तर काय, वाफाभर कोंब! अगदी ओळीत, दोन-दोन पानं पसरून. मी तिथेच बॅग टाकली आणि रडले गं. हसू नकोस.

कुंपणापलीकडून चष्मेवाले म्हणाले, "बघा बाई, आले की नाही? धीर धरायचा असतो." चष्मेवाले म्हणजे आपले शेजारचे, कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं ते. दहावीतला तुझा तो जाड काळा चष्मा त्यांनीच बनवला होता, वर्षभर तू त्यांच्यावर दात धरून होतीस. आता दुकान बंद करून घरीच असतात. मी नव्हते तेव्हा पाणी त्यांनीच घातलं.

एकच अडचण आहे. घेवडा चढत नाही. बाबांचा घेवडा काठी दिसली रे दिसली की तिला मिठी मारायचा, आठवतंय? हा ढिम्म. मी काठ्या लावल्या, वरून दोऱ्या सोडल्या, शेंडे सुतळीने बांधले. शिवणाच्या क्लासात जन्मभर मुलींना गाठी मारायला शिकवल्या मी, माझी गाठ सुटायची नाही. पण घेवडा सकाळी पुन्हा खाली मान घालून बसलेला. चष्मेवाले रोज मदतीला येतात. ते काठी धरतात, मी बांधते. "थंडीने आखडला असेल," म्हणतात. मग चहा होतो. साखर कमी घेतात ते, आणि कप स्वतः विसळून ठेवतात. हे मी तुला कशाला सांगतेय कोण जाणे.

पाय गार पडू देऊ नकोस, मोजे घालत जा.

तुझी,
आई

*

ता. १९ जुलै

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मावशीचा डोळा उत्तम झाला. इतका उत्तम, की परवा मला म्हणाली, "तू इतकी सुरकुतली आहेस हे मला माहीतच नव्हतं." तिच्या तोंडाला औषध नाही.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. बाबांचं बी गेलं, ठमे. एकही उरलं नाही.

कसं ते सांगते. घेवड्याला कळ्या आल्या, पण उंची माझ्या गुडघ्याएवढी. माझी खात्री झाली की मुळाला रोग लागला. एक रोप मातीसकट उपटलं, पिशवीत घातलं आणि रोपवाटिकेत घेऊन गेले. तिथली बाई बघून हसायलाच लागली. "मावशी, हा चढणारच नाही. हा बुटका घेवडा. एवढाच होतो आणि बसतो. तुम्ही काय काठ्या लावल्यात की काय?"

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस, हे आमच्या घरचं बी आहे."

"घरचं कुठलं? तुमच्या शेजारचे चष्म्याचे काका नाही का घेऊन गेले? तुमच्या वाफ्यातलं एक कुजकं बी रुमालात बांधून आणलं होतं. तस्संच पाहिजे म्हणाले. मला सगळे डबे उघडायला लावले आणि इथे स्टुलावर बसून, भिंग लावून, ठिपके जुळवत होते. वेलीचा की बुटका, हे मी विचारायच्या आत पळाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच तरातरा घरी आले, फाटकसुद्धा लावलं नाही. कुंपणापाशी जाऊन हाक मारली. ते हातात भाजीची सुरी घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "सुरी ठेवा आधी. माझ्या वाफ्यात काय पेरलंत?"

बिचाऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "बाई, तुम्ही मावशींकडे गेलात तेव्हा मी जरा उकरून बघितलं. सगळं कुजलं होतं, हाताला चिखल लागला नुसता. तुम्ही परत येऊन पुन्हा त्या रिकाम्या वाफ्यापाशी कप घेऊन उभ्या राहणार. मला ते बघवत नव्हतं हो."

"मग मला सांगायचं!"

"सांगणार होतो. पण तुम्ही बॅग टाकून रडायला लागलात. कुठल्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, "बरं, ते राहू दे. पण तो बुटका आहे हे माहीत असून महिनाभर माझ्याबरोबर सुतळ्या कशाला बांधत होतात?"

तर माणूस म्हणतो कसा, "मला कुठे माहीत होतं! मला वाटलं, पेरतानाच माझं काहीतरी चुकलं, म्हणून रोज देवाचं नाव घेऊन काठी धरत होतो."

ठमे, मला इतकं हसू आलं की कुंपणाला धरून उभी राहिले. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासली ह्या माणसाने, आणि ठिपके जुळवता जुळवता अख्खी जात चुकला. आणि मी! चाळीस वर्षं घेवड्याची भाजी केली आणि बुटक्याला रोज सकाळी दटावून वर चढवत होते. ते आधी घाबरून बघत राहिले, मग तेही हसले. मग शांत झाल्यावर म्हणाले, "खरं सांगू का, तो चढला असता तर मला रोज यायला काही निमित्त उरलं नसतं."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. तू असतीस तर चिडली असतीस. बी बाबांचं होतं, त्याला हात लावायच्या आधी मला विचारायला हवं होतं. मी घरात जाऊन चिडायचा प्रयत्नही केला, पण रिकामी बरणी पुसताना रडूच आलं, राग काही आला नाही. रडायला आलं ते बियांसाठी. तुला पिशवीभर देणार म्हणाले होते आणि आता तुझ्या अंगणात पाठवायला माझ्याकडे काही नाही. माफ कर गं.

काठ्या काढल्या. वाफा आता बरा दिसतो.

अजून एक लिहायचं होतं, पण ते पुढच्या पत्रात लिहीन. पिटुकलीचा खोकला कसा आहे? मध चाटव.

तुझी,
आई

ता. क. पुढच्या पत्रात लिहीन म्हटलं तर कधीच लिहिणार नाही मी. चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय. आता पाकीट चिकटवते, नाहीतर ही ओळ खोडीन.

*

ता. ८ ऑगस्ट

माझ्या ठमे,

आशीर्वाद. तू घेशील न घेशील, मी देणार.

तुझा फोन आला, तू एवढंच म्हणालीस, "तुला कशाची कमी आहे गं?" आणि ठेवून दिलास. मग दुसऱ्या दिवशी जावईबापूंचा आला. भला माणूस आहे. बराच वेळ हवेबद्दल बोलले, मग माझ्या गुडघ्याबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. मागे तू नाक ओढत होतीस ते ऐकू येत होतं मला.

बियांसाठी रडलीस म्हणे, ते बरोबरच आहे. मीही रडले. त्याबद्दल तू मला हवं ते बोल.

घेवड्याच्या शेंगा तोडल्या काल. एवढ्या कष्टानंतर चाळणीचा तळ कसाबसा झाकला. हंगामच असा, दोष कुणाला देणार? भाजी केली आणि आम्ही दोघांनी मिळून खाल्ली. मी त्यांना तोंडावर सांगितलं, चव बरी आहे, पण ठमीच्या बाबांच्या घेवड्याची नाही. ते म्हणाले, "नसणारच," आणि पुन्हा वाढून घेतली. मला ते आवडलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला कशाची कमी नाही, ठमे. पोटापाण्याची नाही, कपड्यालत्त्याची नाही, तुझ्या मायेची तर नाहीच नाही. पण बाबा गेल्यापासून मी आजारी पडले तरच कुणाला तरी सांगायचं, असं झालं होतं. ठणठणीत असले तर सांगायला कोणी नाही. आज दूध उतू गेलं, क्लासात एका मुलीने बाही उलटी शिवली, मांजराने पुन्हा वाफ्यात लोळून घेतलं, ह्यासाठी मी तुला फोन करू? तू करू देशील, माहीत आहे. पण तू "पटकन सांग" म्हणशील, आणि तुझं बरोबरच आहे, तुझ्या मागे सतरा कामं. चष्मेवाल्यांना मी दुधाचं सांगते, तर ते विचारतात, "किती उतू गेलं?" मला त्यांचं म्हणणं ऐकायला आवडतं. सकाळी फाटकाची कडी वाजली की आवडतं. ह्या वयात लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून लपवायची जास्त वाटली.

मी त्यांना हो म्हटलंय. तुला आधी विचारलं नाही, हो म्हणून मग सांगतेय. कार्यालयात जाऊन सह्या करायच्या, बाकी काही नाही. कुणी कुणाचं घर सोडायचं ह्यावर रोज भांडण होतं, आणि ते काही लवकर मिटायचं नाही. तू येईपर्यंत मी सही करायची थांबेन. पण तू नको म्हणालीस म्हणून थांबणार नाही.

मावशी म्हणाली, ठमीला लिही, की तुझ्या बाबांनाही बरंच वाटलं असतं. मी नाही लिहिणार. खोटं आहे ते. त्यांना मुळीच बरं वाटलं नसतं. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. एकदा बसमध्ये एका माणसाने उठून मला जागा दिली आणि मी त्याच्याकडे बघून हसले, तर तुझे बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नुसते फुगून बसले होते. मी आवडीचं करून वाढलं, तरी गप्प. शेवटी मी शिवणाची सुई घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, मला दिसत नाही, एवढी ओवून द्या. माझी नजर तेव्हा चांगली खणखणीत होती, त्यांनाही ते ठाऊक होतं. न बोलता ओवून दिली. मी लगेच दोरा काढून पुन्हा पुढे केली. असं चार-पाचदा झाल्यावर हसले एकदाचे.

ह्या लग्नावर तर ते महिनोन्महिने रुसले असते. आणि मी तेवढे महिने त्यांच्यापुढे बसून राहिले असते, कंटाळले नसते. तो रुसवा काढायची मला खूप इच्छा आहे, ठमे. त्यांच्याकडून हो ऐकायचं होतं मला. ते आता व्हायचं नाही, आणि हेच मला सगळ्यात जड जातंय.

त्यांच्या वाटचं रुसायला आता तूच आहेस. तर रूस. खुशाल रूस, जेवढं ते रुसले असते तेवढं. फक्त तिकडे बसून नको. पिटुकलीला घेऊन ये, माझ्यासमोर तोंड फिरवून बस, बोलू नकोस, जेवू नकोस. मी समोर बसून राहीन. मला येतं ते.

ह्या लग्नाच्या आधीही आणि नंतरही तुझीच,
आई