मशीनवरून न उठलेला पंच

जळगाव, ८ फेब्रुवारी १९८९

प्रिय देवचंद,

तू मेहरूण सोडून धुळ्याला मुलीकडे गेलास त्याला दीड वर्ष झालं. पत्ता तुझ्या शेजारच्या कुंदाबाईंकडून घेतला. त्यांनी तो नाखुशीनेच दिला, आणि मला नवल वाटलं नाही. माझं चाललंय तसंच. गुडघे कुरकुरतात, तरी मशीनचं पायडल मारावंच लागतं. फार थकलोय रे.

शिवणाचं दुकान अजून चौकीसमोरच आहे. खाकी शिवून शिवून डोळे विटले. कौतिक जमादाराचा पहिला शर्ट आठवतो? बाही तोकडी झाली म्हणून तो रुसला आणि आपण दोघं हसून बेजार झालो होतो. त्यानेच पुढे मला पंच केलं. झडतीला दोन प्रतिष्ठित माणसं लागतात म्हणे, आणि रस्ता ओलांडला की मीच प्रतिष्ठित. तू मला 'सरकारी पंच' म्हणून चिडवायचास. सुरुवातीला मी खरंच जायचो. लोकांच्या पेट्या उपसताना दारात उभा राहायचो, बायका तोंड फिरवायच्या, लाज वाटायची. मग जमादारच म्हणाला, उगाच हेलपाटा कशाला, इथेच सही करा. मला ते बरं वाटलं. पंधरा वर्षं मी जागेवरून न उठता पंच होतो.

दोन वर्षांपूर्वी त्या सोमवारी तुझ्या भटूला घरातून उचललं तेव्हा ना वॉरंट दाखवलं, ना कारण सांगितलं. विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची तार चोरीला जात होती आणि हा वीज मंडळाचा वायरमन. एवढा पुरावा त्यांना पुरला. मंगळवारी संध्याकाळी मी शिवलेले कपडे द्यायला चौकीत गेलो, तर तो बाकावर बसलेला, ओठ सुजलेला. मला म्हणाला, “काका, मी कालपासून आठेच चौकीमा शे. चोवीस तासमा कोर्टमा लई जावाले जोयजे. त्यासले सांगा ना.” राज्यघटनेतलं बाविसावं कलम त्याला पाठ होतं, तूच करून घेतलेलं. सांगतो म्हणालो, कपडे मोजून दिले आणि घरी आलो.

गुरुवारी जमादार कागद घेऊन आला. अटक गुरुवारची, झडती गुरुवारची, तार खाटेखालून निघाली, पंचांनी समक्ष पाहिली. मी न वाचताच सही केली असं सगळ्यांना सांगत आलो. घरच्यांनाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. भटू देवचंद सुरवाडे हे नाव मी वाचलं होतं.

त्या गुरुवारी तुमच्या घरात झडतीला कोणी आलंच नाही, हे तुला ठाऊक आहे, पण बापाचं कोर्ट कितीसं ऐकणार? माझी सही पाहिल्यावर तू मला एक शब्द बोलला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. भटू जामिनावर सुटला तरी अजून निलंबितच आहे, असं ऐकतो. शिक्षा झाली तर नोकरी कायमची गेली.

चौदा तारखेला माझी साक्ष आहे. जमादाराने परवा पंचनामा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पाठ करायला सांगितलाय. सरकारी वकील विचारतील तेव्हा मी तेच बोलेन. माझी छाती केवढी, ते तुला माहीत आहे. पण त्यानंतर तुमचे वकील उठतील. त्यांना सांग, आडवळणं नकोत, दोनच गोष्टी सरळ विचारा: मंगळवारी भटूला कुठे पाहिलं, आणि त्याच्या घरात तुम्ही पाऊल तरी टाकलं होतं का. पुढे माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होवो, नाहीतर दुकान जावो, ते मी बघेन. फक्त तू ये, आणि मला दिसशील असा बस. तुझ्यादेखत माझ्याने खोटं बोलवणार नाही. तू नसलास, तर मी पाठ केलेलंच बोलेन.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
निंबा