पलंगाखालच्या बॅगेचं गाणं

तीर्थरूप मावशीला साष्टांग नमस्कार. (या वेळी अगदी खरा. जमिनीवर पालथी पडूनच लिहिते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा दातांचा दवाखाना कसा चाललाय? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

आम्हा दोघींचा पहिलाच अल्बम तुफान चालला, हे तुला कळलं असेलच. चाली माझ्या जोडीदारणीच्या, शब्द माझे. म्हणजे कौतुक निम्मं निम्मं आणि पाप सगळं माझं. चार मैत्रिणी ऐकतील आणि विसरतील, या भरवशावर मी त्यात तुझी गोष्ट लिहिली. मागच्या वर्षी भांडी विसळता विसळता तू सांगितलं होतंस ना, की ज्यांच्या तोंडात कापूस कोंबलाय त्यांना हा माणूस दिवसभर 'काय म्हणता, कसं काय?' विचारतो, आणि घरी जिला उत्तर देता येतं तिला तीस वर्षांत एक प्रश्न नाही? म्हणून एक बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहेस, कोणाला बोलू नकोस, म्हणून? मी कोणाला बोलले नाही. मी गायले. (खबरदारी म्हणून दातांच्या डॉक्टरचा घड्याळजी केला.) आता ते गाणं लिफ्टमध्ये वाजतं, केस कापायच्या दुकानात वाजतं, आणि परवापासून काकांच्या दवाखान्यातही वाजतं. तू बाहेर टेबलाशी पेशंटचे नंबर लावत बसलेली, आणि दाराआडून तुझंच गऱ्हाणं, तेही ठेक्यात. तेव्हापासून तुझा फोन नाही. फोन वाजला की मी दचकते, नाही वाजला की जास्त दचकते.

व्यासपीठावर मी कोणाच्या बापाला भीत नाही, तुला ठाऊक आहे. घराघरांतल्या मौनाला वाचा फुटलीच पाहिजे, असं मी परवाच हजार माणसांसमोर गरजले, आणि तो शब्द मी आजही मागे घेणार नाही. फक्त ती आपल्या घरात फुटेल हे लक्षात आलं नव्हतं.

काल काकांचा फोन आला. म्हणाले, "अगं, झकास गाणं. पेशंट भांडतात त्यावरून. बाईनं जावं की राहावं? मी म्हणतो, जावंच. असल्या ठोंब्याजवळ कोण राहील?" मी कसंबसं विचारलं, "मावशीचं काय मत?" तर म्हणाले, "तिचं? मी कुठं विचारलंय तिला." मग म्हणाले, "रविवारी खोलीला रंग द्यायचाय. पलंग हलवायला ये."

मावशी, रात्रंदिवस मला तो पलंग सरकताना दिसतो.

तुझी अपराधी
भाची

ता. क. : रविवारच्या आत बॅग तिथून काढ. माळ्यावर टाक, नाहीतर उचल आणि चालू लाग. दोन्हींतलं एक सांगायचं धाडस मला होत नाही, आणि हे मी, भाषणं ठोकणारी, लिहिते आहे.

ता. क. दुसरा : कंपनीला सहा महिन्यांत पुढचा अल्बम हवाय आणि माझी वही कोरी आहे. माझ्या आयुष्यात काही घडतच नाही गं. तेव्हा घर सोडलंस तर सरळ माझ्याकडे ये. नाही सोडलंस, तर का नाही सोडलंस ते सविस्तर लिही. निदान तीन कडव्यांइतकं.